घरातला दुसरा खिसा

सन्माननीय निवडणूक विश्लेषकांस
(वाहिन्यांवरचे, वर्तमानपत्रांतले आणि निकालाच्या दिवशी सकाळी आठपासून नकाशा रंगवत बसणारे, सर्वांस)



पत्रास कारण आमच्या घराचा ओटा.

मे २०२४ मध्ये एका वाहिनीची गाडी आमच्या गल्लीत आली. अंगणात उन्हाळ कांद्याचा ढीग होता, चाळीत भरायच्या आधी जोड आणि गोल्टी वेगळी काढणे चालले होते. त्यांनी आमच्या ह्यांना ओट्यावर उभे केले, दोन्ही हातांत एकेक कांदा दिला आणि विचारले, "काका, यंदा कांदा कोणाला रडवणार?" मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले, तर कॅमेरावाल्या पोराने हातानेच खूण केली, ताई, जरा बाजूला. नोव्हेंबरात दुसऱ्या वाहिनीची गाडी आली. ओटा तोच. या खेपेला उभी राहिले मी. हातात माझाच मोबाईल धरायला लावला. "मेसेज आल्यासारखं बघा ताई, आणि थोडं हसा." हे मागे खाटेवर बसले होते. त्यांना म्हणाले, "काका, तुम्ही जरा आत जाता का?"

मे महिन्यात आमचे घर शेतकऱ्याचे होते, नोव्हेंबरात ते लाडक्या बहिणीचे झाले. मधल्या काळात घरात फक्त एक शेळी वाढली होती.

माझ्याविषयी थोडक्यात. मी निफाड तालुक्यातली. बी.कॉम. झाले आणि लगेच लग्न झाले. घरची शेती चार एकर. गावातल्या तीन बचतगटांचे हिशेब मी ठेवते आणि घरच्या कांद्याच्या पट्ट्याही मीच वहीत उतरवते, कारण ह्यांना आकड्यांचा कंटाळा. मत कोणाला दिले ते ह्या पत्रात सांगणार नाही. ह्यांनाही सांगितलेले नाही.

आता तक्रार. ४ जूनला लोकसभेचा निकाल लागला. राज्यातल्या ४८ जागांपैकी महाविकास आघाडीला ३०, महायुतीला १७ आणि सांगलीत अपक्ष. आमच्या दिंडोरीत केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार पडल्या आणि भास्कर भगरे सर लाखावर मतांच्या फरकाने निवडून आले. तेही भगरे आडनावाच्याच दुसऱ्या एका उमेदवाराने तुतारी चिन्हावर लाखभर मते नेलेली असताना. तुम्ही म्हणालात, कांद्याने रडवले. कबूल. खुद्द तेव्हाचे मुख्यमंत्रीही तेच म्हणाले. मग २३ नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल आला. दिंडोरी लोकसभेत मोडणाऱ्या नांदगाव, कळवण, चांदवड, येवला, निफाड आणि दिंडोरी, सहाच्या सहा जागा महायुतीकडे. साडेपाच महिन्यांत. तुम्ही म्हणालात, लाडकी बहीण. जूनमध्ये 'शेतकरी मतदार', नोव्हेंबरात 'महिला मतदार'. ऐकणाऱ्याला वाटावे, पावसाळ्यात शेतकरी गाव सोडून गेले आणि त्यांच्या घरांत बायका राहायला आल्या.

अहो, दोघेही एकाच घरात राहतात. शेतकरी जेवायला बसतो तेव्हा वाढणारी ती महिला मतदार असते, आणि तो मेथी निंदायला जातो तेव्हा शेजारच्या वाफ्यात बसलेलीही तीच असते. ती कांदा लावते, काढते, कापते, निवडते. फक्त विकायला जात नाही. माझे सगळे म्हणणे ह्या एका 'फक्त'पाशी आहे, म्हणून जरा तपशिलात सांगते.

कांदा बाजार समितीत जातो तो ट्रॅक्टरमध्ये बसून ह्यांच्याबरोबर. लिलाव होतो, भुईकाट्यावर वजन होते, व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली होतो आणि पट्टी हातात पडते. पट्टी तुमच्यापैकी किती जणांनी वाचली आहे? वर वजन, मग भाव, मग गुणाकार. तो आकडा पाहून माणूस क्षणभर सुखावतो. त्याच्या खाली हमाली, तोलाई, वाराई. त्याखाली निव्वळ रक्कम. इथे छापील पट्टी संपते, पण माझ्या वहीतली पुढे चालू राहते. ट्रॅक्टरचे भाडे, लागवडीची मजुरी, काढणीची मजुरी, कृषी सेवा केंद्राची उधारी, सोसायटीचे पीककर्ज, मोटारीचे वाइंडिंग. शेवटी जे उरते त्याला ह्यांचा शब्द आहे, 'हातखर्च'. तो ह्यांच्या खिशात राहतो. मला हवे असेल तर मागावे लागते. मागितले की मिळते, माणूस वाईट नाही. पण मागावे लागते.

ऑगस्ट २०२४ च्या मध्यावर, रक्षाबंधनाच्या आधी, माझ्या खात्यात लाडकी बहीण योजनेचे जुलै आणि ऑगस्टचे मिळून तीन हजार जमा झाले. मेसेज एका ओळीचा होता. त्यात हमाली नव्हती, तोलाई नव्हती, मागची बाकी नव्हती. शिवाय त्या पैशांना घरात दुसरा वारसदार नव्हता. खते-बियाणेवाल्याला ठाऊक नव्हते, सोसायटीच्या सचिवाला ठाऊक नव्हते. आमच्या गटाच्या त्या महिन्याच्या बैठकीत एकीचाही हप्ता थकला नाही, आणि मी वही सांभाळते आहे तेव्हापासून असे पहिल्यांदाच घडले. एकीने चष्मा केला. एकीने लेकीच्या कंप्युटर क्लासची फी भरली आणि घरी सांगितले की अर्धीच भरली. उरलेली अर्धी तिने कुठे ठेवली ते मला माहीत आहे, पण सांगणार नाही.

म्हणून म्हणते, घरात खिसे दोन असतात. अर्थशास्त्राची पुस्तके घराला एक खिसा धरून चालतात आणि तुम्ही ती पुस्तके वाचून आमच्याकडे येता. 'ग्रामीण कुटुंबाची आर्थिक स्थिती' असे एक तुम्ही बोलता. कुटुंबाची स्थिती एक नसते. ह्यांचा खिसा फाटला तेव्हा माझा खिसा पहिल्यांदा शिवून आला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या, एकाच वर्षातल्या आणि एकाच छपराखालच्या.

दुसरी तक्रार जास्त टोचणारी आहे. नोव्हेंबरच्या निकालानंतर तुमच्यातले काही जण हळूच आणि काही जण मोठ्याने म्हणाले की बायका दीड हजारात विकल्या गेल्या. 'रेवडी' हा शब्द तर चर्चेच्या पट्टीवर रोज फिरत होता. चला, हिशेबच मांडू, वही समोरच आहे.

१९ ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य आले. ८ डिसेंबरला निर्यातच बंद. त्याच आठवड्यात शेजाऱ्यांचा लाल कांदा साडेतीन हजार रुपये क्विंटलने गेला होता. बंदीची बातमी आली त्या दिवशी लिलाव बंद पडले, रस्ते अडवले गेले, आणि पंधरवड्यात भाव निम्म्यावर आला. आमचा दीड एकर रांगडा जानेवारीअखेर निघाला, १२० क्विंटल. गेला तेराशेने. फरक बावीसशे रुपये, गुणिले १२०, म्हणजे दोन लाख चौसष्ट हजार. खरे बोलायचे तर बंदी नसती तरी जानेवारीत आवक वाढून भाव उतरलाच असता, म्हणून निम्मा दोष आवकेला देऊ. राहिले एक लाख बत्तीस हजार. आता दुसऱ्या बाजूला लाडकी बहीण. मतदानापर्यंत पाच हप्ते, साडेसात हजार.

ज्या घराचे एक लाख बत्तीस हजार गेले ते घर साडेसात हजारांत विकले गेले, असे तुमचे म्हणणे आहे. विकणारा इतका अडाणी असेल तर घेणाऱ्याने तरी विचार करावा!

आणि खात्यात पैसे टाकले की मत मिळते हा तुमचा नियम आमच्याच घराने आधी मोडला होता, तो तुमच्या नजरेतून सुटला. २०१९ पासून केंद्राचे वर्षाला सहा हजार ह्यांच्या खात्यात येतात. २०२३ पासून राज्याने त्यात आणखी सहा हजार घातले. वर्षाचे बारा हजार झाले, लाडक्या बहिणीच्या पाच हप्त्यांहून जास्त. तरीही लोकसभेला कांद्याच्या पट्ट्यात सत्ताधारी पडलेच. का? कारण ते दोन-दोन हजार येताच उधारीच्या वहीत जिरतात. त्यांना स्वतःचे अंग नाही. आंध्र प्रदेशात जगनमोहन रेड्डींच्या सरकारने खात्यांत पैसे टाकण्यात काही कसर ठेवली नव्हती. २०१९ ला त्यांच्या पक्षाचे १५१ आमदार होते, २०२४ ला ११ उरले. रेवडीने मते विकत मिळत असती तर ते आज मुख्यमंत्री असते.

पैसा किती आला यापेक्षा तो कोणाच्या हातात आला, कोणत्या महिन्यात आला आणि देणाऱ्याचा किंवा नेणाऱ्याचा हात दिसला का, यावर मत हलते. हे मी संशोधन म्हणून सांगत नाही, वह्या लिहिता लिहिता दिसले ते सांगते. कांदाबंदीत हात दिसत होता. तारीख होती, अधिसूचना होती, दिल्लीचा शिक्का होता. त्यात एप्रिलअखेर गुजरातच्या दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाल्याची बातमी आली, आणि ज्यांना अजून राग आला नव्हता त्यांनाही आला. दोन दिवसांनी सरकारने ९९ हजार टनांचा खुलासा केला, ४ मे रोजी बंदी उठवली, पण आमचे मतदान २० मेला होते. ज्यांना पैशांची नड होती त्यांचा माल केव्हाच गेला होता. सोळा दिवसांत राग उतरायला तो काही ताप नव्हे.

सोयाबीनचे बघा. माझी नणंद लातूर जिल्ह्यात औशाकडे दिली आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये मराठवाडा-विदर्भात सोयाबीन दहा हजारांवर गेले होते. २०२४ च्या दिवाळीआधी हमीभाव होता ४,८९२ आणि बाजारात मिळत होते चार हजारांच्या आसपास. खरेदी केंद्रावर ओलावा बारा टक्क्यांवर असला की माल परत. सप्टेंबरात केंद्राने खाद्यतेलाचे आयातशुल्क वाढवले, सोयाबीनला भाव मिळावा म्हणून. सोयाबीन जागचे हलले नाही, तेल मात्र ऐन सणात महागले. म्हणजे जिच्या शेतात सोयाबीन पिकते तिने सोयाबीन स्वस्त विकले आणि सोयाबीनचेच तेल महाग घेतले. तुमच्या सूत्राप्रमाणे तिथे सत्ताधाऱ्यांचा धुव्वा उडायला हवा होता. तसे झाले नाही. मी दिवाळीत विचारले, "वन्सं, राग नाही आला?" त्या म्हणाल्या, "आला की. पण काढू कोणावर, वहिनी? भाव पाडला कोणी तेच कळंना."

रागालाही पत्ता लागतो. कांद्याच्या रागाला पत्ता होता. सोयाबीनच्या रागाचे पत्र ब्राझील, अर्जेंटिना, पामतेल असे फिरून परत घरीच आले. एका बाजूने सहा हजार भाव देऊ म्हटले, दुसरीने सात हजार. एका बाजूचे दीड हजार खात्यात पडत होते, दुसरी निवडून आल्यावर तीन हजार देऊ म्हणत होती. हातचे सोडून पळत्यापाठी लागू नये हे आमच्याकडे पोरांनाही शिकवतात. यात भुलण्यासारखे काय झाले?

सगळेच मत पैशाने ठरते, असे मात्र मी मुळीच म्हणत नाही. उलट ती तक्रार माझी तुमच्यावर आहे. जूनच्या निकालानंतर तुम्ही 'कांदा पट्टा' म्हणून एक लांबलचक रंग मारलात, त्यात धुळेही रंगवून टाकले. धुळ्यात भाजपचे उमेदवार सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत पुढे होते. एकट्या मालेगाव मध्यने निकाल फिरवला आणि शोभा बच्छाव चार हजारांहून कमी मतांनी आल्या. मालेगाव मध्यचे मतदार कांद्यामुळे एकगठ्ठा झाले नव्हते, हे तिथल्या रिक्षावाल्यानेही सांगितले असते. त्याच वेळी मराठवाड्यात मराठा आरक्षणाचा विषय धगधगत होता. तिथे सोयाबीन किती आणि आरक्षण किती हे वेगळे काढणे म्हणजे वरणातून हळद काढणे. ते येत नसेल तर येत नाही म्हणावे. आम्ही तुम्हाला कमी लेखणार नाही.

आता एक गोष्ट जिच्याकडे तुम्ही पाहतच नाही. अर्थव्यवस्था मत ठरवते, हे तुम्ही दर पाच वर्षांनी सांगता. आमच्या बाजारातून पाहिले तर उलटेही दिसते. मत भाव ठरवते. १९८० च्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधींनी महागलेला कांदा प्रचारात आणला आणि त्या जिंकल्या. १९९८ मध्ये कांदा महागला आणि दिल्लीत सुषमा स्वराज यांचे सरकार गेले. तेव्हापासून केंद्रातल्या प्रत्येक सरकारने, पक्ष कोणताही असो, कांदा महागला की दचकायचे ठरवून टाकले आहे. स्वस्त झाला की कोणी दचकत नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूर बाजारात एका शेतकऱ्याला पाचशे किलो कांद्याचे दोन रुपये मिळाले, दोन रुपयांचा धनादेश. त्याची बातमी झाली, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी तो धनादेश पडद्यावर दाखवला. मग राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिले आणि त्यासाठी सात-बारावर कांद्याची नोंद मागितली. नोंद नसलेल्यांनी ती मिळवण्यासाठी किती हेलपाटे घातले ते दाखवायला कोणी आले नाही. त्याच वर्षी ऑगस्टात भाव जरा वर सरकताच शुल्क, ऑक्टोबरात किमान मूल्य, आणि चार राज्यांच्या विधानसभांचे निकाल लागल्यावर पाचव्या दिवशी बंदी. शहरातल्या मतदाराची आर्थिक स्थिती सांभाळायची म्हणून आमची बिघडवली जाते. हा निवडणुकीचाच हिशेब आहे, फक्त मतमोजणीच्या आधी केलेला. तुम्ही तो धोरणाच्या पानावर टाकता आणि आमचे मत राजकारणाच्या पानावर.

सासूबाई हे सगळे चाळीस वर्षांपूर्वी ऐकून आल्या आहेत. १९८६ च्या नोव्हेंबरात शेतकरी नेते शरद जोशींनी चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरवले, तेव्हा त्या कडेवर एक आणि हाताशी एक पोर घेऊन गेल्या होत्या. पुढे लक्ष्मीमुक्ती मोहिमेच्या वेळी सासऱ्यांनी एक एकर त्यांच्या नावे केला. आमच्या घरात बाईच्या नावावर आलेली ती पहिली वस्तू. कांद्याला भाव मागायला लाखो माणसे ज्यांच्यामागे रस्त्यावर बसली त्या शरद जोशींच्या पदरात मते मात्र कधी त्या प्रमाणात पडली नाहीत. ऊसवाल्यांना दर मिळवून देणारे राजू शेट्टी हातकणंगल्यातून २००९ आणि २०१४ ला निवडून आले, २०१९ आणि २०२४ ला हरले. 'आर्थिक प्रश्नावर मतदान' म्हणता, तर ह्या कोड्यावर एखादा तास घालवा की. सासूबाईंना विचारले तर म्हणतात, "भाव मागायला जोशीसाहेब, लगीनकार्याला पाटील." लाडकी बहीण आली तेव्हा त्या पासष्टीच्या पुढे गेलेल्या, त्यांना काही मिळाले नाही. मतदानाच्या दिवशी नवी नऊवारी नेसून निघाल्या. "तुम्हा सगळ्यांचं मत अडकलंय. माझं एकटीचं मोकळं आहे."

आता विनंत्या.

घरात याल तेव्हा ओट्यावर एकाला उभे करून परत जाऊ नका. दोघांना विचारा, आणि शक्य असेल तर वेगवेगळे विचारा. नवरा समोर असताना बाई कोणते बटण दाबले ते सांगत नाही, सांगितले तर खरे सांगत नाही. तुमच्या अंदाजांचे २०२४ मध्ये दोन्ही वेळा जे झाले त्याचा थोडा तरी उगम त्या ओट्यावर आहे. दार वाजवल्यावर पहिला बाहेर येतो तो पुरुष, आणि तुमचा फॉर्म त्याच्यावरच भरून होतो.

पैसा कधी आला ते विचारा. किती, हे सगळेच विचारतात. शेतकऱ्याचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही आणि मार्चला संपत नाही. मजुराचे वर्ष तर आठवड्याचे असते.

मजुरांवरून आठवले. लागवडीला आमच्याकडे सुरगाणा, पेठ भागातून टोळ्या येतात. उक्ते काम, एकरी दर ठरतो. निर्यातबंदीचा फटका त्यांना कसा बसला हे मी एकदा एका बाईला विचारले. तिने हातातले रोप खाली ठेवले नाही. म्हणाली, "तुमचा कांदा महाग झाला तं आमाला कोन जास्ती देतं? सस्ता झाला तं मंग दर पाडत्यात." म्हणजे तेजी आमची आणि मंदी त्यांची. त्यांच्या घरात येतो तो रेशनचा मोफत माणशी पाच किलो तांदूळ-गहू आणि बाईचे दीड हजार. आमच्याच दिंडोरी मतदारसंघातली ती माणसे. त्यांचे मत तुम्ही 'आदिवासी मतदार' ह्या रकान्यात टाकता आणि पुढे जाता. रोपे खोचून झाली की ती पुढच्या वावरात गेलेली असतात, तुम्ही येता तेव्हा तिथे फक्त मालक असतो. मालक म्हणजे आम्हीच. तेव्हा हा दोष एकट्या तुमचा नाही.

आणि निवडणूक नसताना या. ही विनंती सगळ्यात मोठी आहे, आणि तुम्ही ती मानणार नाही हेही मला माहीत आहे. २००४ मध्ये विधानसभेच्या तोंडावर शेतीपंपांना मोफत वीज जाहीर झाली, निवडणूक जिंकून झाली, पुढच्या वर्षी ती बंद झाली. तेव्हा किती विश्लेषण झाले? आता पाहा. प्रचारात लाडक्या बहिणीला महिन्याला २,१०० चे वचन होते, मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ते आले नाही. वर्षाला ४६ हजार कोटी म्हणत होते, तरतूद झाली ३६ हजार कोटींची. त्या उन्हाळ्यानंतर २६ लाखांवर बायकांचे पैसे पडताळणीसाठी थांबवले गेले. १ एप्रिल २०२५ ला कांद्यावरचे शेवटचे निर्यातशुल्कही उठले, आणि त्या वर्षीचा कांदा तरीही हजार-बाराशेच्या आसपास लोळत राहिला. बांगलादेशने आपल्या शेतकऱ्यासाठी दार लोटून घेतले म्हणे. बघा, ह्या रागाला पुन्हा पत्ता नाही. पुढच्या निवडणुकीत काय होईल ते आतापासून कळायचे असेल तर ह्या दिवसांत येऊन बसायला हवे. तुम्ही याल तेव्हा सगळे ठरून गेलेले असेल आणि आम्ही तुमच्यासमोर हसून मोबाईल धरून उभ्या असू.

पडताळणीचे एक सांगते आणि थांबते. ई-केवायसी करायची तर आधी बाईचा आधार क्रमांक, तिचा ओटीपी. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्याचा ओटीपी. गटातल्या बायकांचे मी माझ्या मोबाईलवरून करून देत होते. एकीचा नवरा ट्रक घेऊन गेलेला, तिने फोन लावला. "ओटीपी आला असंल, सांगा." तो म्हणाला, "कशाचा?" ती म्हणाली, "गॅसचा." त्याने सांगितला. मुदत दहा मिनिटांची असते, तीन मिनिटे वाद घालण्यात गेली असती.

तिला पैसे येतात हे त्याला ठाऊक आहे. किती उरलेत हे ठाऊक नाही, एवढेच. तुमच्या पुढच्या पाहणीत हे घर 'कुटुंबाचे उत्पन्न' ह्या रकान्यात कसे भरायचे ते तुम्ही ठरवा.

बैठक दर महिन्याच्या पाच तारखेला दुपारी दोनला असते, मारुतीच्या पारावर. येणार असाल तर कॅमेरा गाडीत ठेवून या. चहा मिळेल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
निफाड तालुक्यातली एक मतदार